‘खरा’ म्हणून सुटता येईल का?

पुण्यात नोकरी करणाऱ्या एका अठ्ठावीस वर्षांच्या वाचकाचे पत्र आले आहे. नावगाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे आणि ती अर्थातच पाळली आहे. पत्राचा मुख्य भाग असा :

“मी कंजारभाट समाजातला आहे. अभियांत्रिकी शिकलो, चांगल्या कंपनीत आहे. साखरपुडा झाला असून लग्न वैशाखात आहे. आमच्यात लग्नानंतर नवरानवरीला खोलीत पाठवतात, अंथरुणावर पांढरे कापड असते, आणि मग पंचांसमोर नवऱ्याला ‘माल खरा की खोटा’ ते सांगावे लागते. ही कौमार्याची चाचणी मला मुळीच पटत नाही. पण वडील पंचांच्या उठण्याबसण्यातले आहेत, धाकटी बहीण लग्नाची आहे, आणि वाळीत पडलेल्या घरांचे हाल मी पाहिले आहेत. म्हणून मी असे ठरवले आहे की खोलीत काहीही करायचे नाही, कापडाचे मी बघून घेईन, आणि बाहेर येऊन ‘खरा’ म्हणून मोकळे व्हायचे. मुलीची अब्रू राहील आणि कोणाचे नुकसानही होणार नाही. हे चुकीचे आहे का? होणाऱ्या बायकोशी या विषयावर बोललेलो नाही. ती लाजाळू आहे, काही बोलत नाही, त्यावरून तिला हे चालत असावे असे वाटते. आणखी एक गोष्ट लिहायला संकोच वाटतो. चाचणी मला नको आहे, पण तिचे पूर्वी कोणाशी काही होते का, हा विचार माझ्याही मनातून जात नाही. कॉलेजात असताना माझी मैत्रीण होती, ते मात्र मी तिला सांगितलेले नाही.”

सप्रेम नमस्कार.

पत्रातला शेवटचा भाग तुम्हाला गाळता आला असता. तो तुम्ही लिहिलात, म्हणून मलाही मोकळेपणाने उत्तर देता येईल. तुमच्या बेतामागे त्या मुलीला वाचवण्याची इच्छा आहे, याबद्दल मला शंका नाही. तरीही माझे उत्तर असे आहे की ‘खरा’ म्हणून तुम्ही सुटाल, ती सुटणार नाही.

त्या रात्रीचा क्रम तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक माहीत असेल, पण तो एकदा तिच्या बाजूने पाहा. नवरीला खोलीत पाठवण्याआधी नात्यातल्या बायका तिची झडती घेतात. हातातल्या बांगड्या उतरवतात, केसांतल्या पिना काढून घेतात, अंगावर टोचण्याजोगे काही उरले नाही याची खात्री करून घेतात, कारण तिने स्वतःला जखम करून कापडावर रक्त पाडू नये. खोलीचीही तपासणी होते. मग दार लागते आणि बाहेर दोन्हीकडची वडीलधारी माणसे खोळंबून बसतात. तुम्ही आत भिंतीकडे तोंड करून बसलात, तरी एवढे सगळे तिच्या वाट्याला येऊन गेलेलेच असेल. तुमच्या उत्तराची पाळी त्यानंतर येते. भरल्या बैठकीत, तिचे आईवडील समोर असताना, तिच्याविषयी तो प्रश्न विचारला जाईल आणि तुम्ही त्याला उत्तर द्याल. ते उत्तर तिच्या बाजूचे असेल हे खरे, पण तिच्या देहाबद्दल चारचौघांत निवाडा देण्याचा अधिकार तुम्हाला आहे, हे तुम्ही त्याच क्षणी मान्य केलेले असेल, आणि पुढची सगळी वर्षे ज्या माणसाबरोबर काढायची तो माणूस हा अधिकार वापरतो, हे तिने पाहिलेले असेल.

‘कोणाचे नुकसान होणार नाही’ असे तुम्ही म्हणता, तिथेही मी थांबते. तुमच्यासारखा शिकलेला, पुण्यात नोकरी करणारा मुलगा पंचांसमोर बसून विधी पार पाडतो, तेव्हा त्या विधीचे वजन वाढते. पुढच्या महिन्यात ज्या मुलीचा नवरा ‘खोटा’ म्हणेल, तिच्या आईबापांना तुमचेच उदाहरण दिले जाईल, की बघा, चांगल्या मुली उत्तीर्ण होतात. मग त्या मुलीला मारहाण होते, ‘कोण होता’ म्हणून नाव वदवून घेतले जाते, घरच्यांना दंड भरावा लागतो. प्रत्येक सुजाण नवरा खोटे बोलून आपल्यापुरता मार्ग काढत गेला, तर ही चाचणी आणखी पन्नास वर्षे चालेल आणि तिच्यावरचा लोकांचा विश्वास उलट घट्ट होईल.

त्या कापडावरून नेमके काय समजते, हेही नीट सांगायला हवे, कारण चाचणीला विरोध करणाऱ्या पुष्कळ लोकांच्या मनातही ‘पद्धत वाईट, पण त्यावरून कळते तरी’ असा समज बसलेला असतो. कळत काहीच नाही. ज्याला आपल्याकडे कौमार्यपटल म्हणतात, ते योनिमार्गाच्या तोंडाशी असलेले पातळ, लवचिक त्वचेचे आवरण असते. त्याचा आकार आणि जाडी स्त्रीगणिक वेगळी असते, काहींमध्ये ते जन्मतःच नावापुरते असते, आणि ते एखाद्या पडद्यासारखे सगळे तोंड झाकून ताणलेले असते, ही कल्पनाच चुकीची आहे. पहिल्या संबंधाच्या वेळी अनेक स्त्रियांना रक्तस्राव होत नाही. होतो तेव्हा त्याचे कारण बहुधा घाई, भीती आणि कोरडेपणा हे असते. म्हणजे दाराबाहेर माणसे बसलेली आहेत, आत एक घाबरलेली मुलगी आहे आणि मुलावर वेळेचे दडपण आहे, अशा स्थितीत कापडावर डाग पडला, तर त्यावरून फार तर तिला दुखापत झाली एवढे म्हणता येईल. तिच्या आजवरच्या आयुष्याविषयी तो डाग काही सांगत नाही, आणि कोरे कापडही काही सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटना, संयुक्त राष्ट्रांचे मानवी हक्क कार्यालय आणि यूएन विमेन यांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये संयुक्त निवेदन काढून कौमार्य चाचणीला कसलाही वैज्ञानिक आधार नसल्याचे आणि ती जगभर बंद व्हायला हवी असल्याचे सांगितले. तपासणी नवऱ्याने केली काय किंवा तज्ज्ञ डॉक्टरने केली काय, या बाबतीत दोघांनाही सारखेच अज्ञान असते.

डॉक्टरांचा उल्लेख मुद्दाम केला. कौमार्य तपासण्याचा हव्यास हा एका समाजाचा दोष आहे असे मानून बाकीचे वाचक निर्धास्त होत असतील, तर त्यांनी थोडा विचार करावा. बलात्काराच्या खटल्यांत पीडितेची ‘दोन बोटांची तपासणी’ सरकारी रुग्णालयांत वर्षानुवर्षे होत होती. ती स्त्रीच्या प्रतिष्ठेचा आणि खासगीपणाचा भंग करते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली म्हटले, आणि तरीही ती चालू राहिल्यामुळे ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा सांगावे लागले की अशी तपासणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाबद्दल दोषी धरला जाईल. वैद्यकीय विद्यार्थ्यांना न्यायवैद्यकशास्त्रात ‘कौमार्याची लक्षणे’ शिकवली जात होती. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी त्याविरुद्ध पाठपुरावा केला आणि २०१९ साली नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने हा भाग अभ्यासक्रमातून वगळण्याचा निर्णय घेतला. आजही शहरांतली काही रुग्णालये हे पटल शिवून देण्याच्या शस्त्रक्रियेची जाहिरात करतात, आणि तिथे जाणाऱ्या मुली कोणत्याही जातपंचायतीच्या धाकाने जात नाहीत. स्थळे पाहताना ‘मुलगी हॉस्टेलवर राहत होती का’, ‘एकटी परगावी नोकरी करत होती का’ ही चौकशी ज्या घरांत होते, त्या घरांत पांढरे कापड अंथरले जात नाही एवढाच फरक आहे. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते ब्राह्मण विधवांसाठी. गर्भ राहिलेल्या त्या बायकांपुढे जीव देणे किंवा मूल मारणे याखेरीज वाट नव्हती, आणि ज्यांच्यापासून दिवस गेले ते पुरुष मात्र उजळ माथ्याने वावरत होते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली हाच जाब विचारला, की बाईला एक माप आणि पुरुषाला दुसरे, हे कोणत्या न्यायाने.

कंजारभाट समाजात हा निवाडा पंचांच्या हाती कसा राहिला, याला इतिहास आहे आणि तो तुमच्या वडिलांची बाजू समजून घेताना उपयोगी पडेल. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्यांनी तुमच्यासारख्या कित्येक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. माणसांना हजेरी द्यावी लागे, तारेच्या कुंपणाआड सेटलमेंटमध्ये राहावे लागे. स्वातंत्र्यानंतरही १९५२ पर्यंत या जमाती त्या कायद्यातून मुक्त झाल्या नव्हत्या. ज्यांना पोलिस आणि कचेरी म्हणजे संकटच वाटत होते, त्यांनी आपली भांडणे आपल्यातच मिटवली, आणि पंचांचा शब्द हा आधार होता. वडिलांना पंचायतीविषयी वाटणारी निष्ठा या आठवणीतून आलेली असू शकते. तिचा अनादर न करता त्यांना हे विचारता येईल, की जी पंचायत आपल्या माणसांना बाहेरच्या जुलमापासून सांभाळण्यासाठी होती, तिने आपल्याच लेकींची झडती का घ्यावी.

आता वाळीत पडण्याच्या भीतीविषयी. ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. तुमच्याच समाजातले कृष्णा इंद्रेकर यांनी १९९० च्या दशकात चाचणी नाकारून नोंदणी पद्धतीने लग्न केले आणि त्यासाठी दीर्घकाळ बहिष्कार सोसला. २०१७ साली विवेक तमायचीकर आणि इतर तरुणांनी ‘स्टॉप द व्ही रिच्युअल’ ही मोहीम सुरू केली, तेव्हा २०१८ च्या जानेवारीत पिंपरीत एका लग्नाच्या वेळी विरोध करणाऱ्या मुलांना मारहाण झाली. तमायचीकर यांनी त्याच वर्षी स्वतःचे लग्न चाचणीशिवाय केले, आणि पुढच्या वर्षी अंबरनाथला त्यांच्या आजीच्या अंत्ययात्रेला समाजाने जाऊ नये असे फर्मान निघाले. आजीच्या मयताला माणसे येऊ नयेत, याहून मोठे दुःख एका घराला काय द्यायचे? हे मी तुमच्यापासून लपवत नाही, कारण किंमत माहीत असतानाच निर्णय घ्यावा. पण अंबरनाथच्या प्रकरणाचा पुढचा भागही आहे. त्या फर्मानाबद्दल पोलिसांत गुन्हा दाखल झाला.

तो दाखल होऊ शकला, कारण इंद्रेकरांच्या काळात नव्हता असा कायदा आता आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा महाराष्ट्राचा कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. बहिष्कार घालणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, आणि अशा बैठकीत भाग घेणे हाही गुन्हा आहे. कौमार्य चाचणी हा लैंगिक अत्याचाराचा प्रकार समजला जाईल, असे राज्याच्या गृहराज्यमंत्र्यांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर केले होते. कोठडीतल्या एका स्त्रीची अशी चाचणी केल्याच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ही चाचणी घटनाबाह्य ठरवली. कायद्याने शेजाऱ्यांचे तुटलेले बोलणे परत येत नाही, हे मला कळते. परंतु पंचांनाही हा कायदा माहीत असतो, आणि फोनवरचे निरोप, ग्रुपवरचे संदेश, बैठकीची तारीख आणि हजर माणसांची नावे तुम्ही लिहून ठेवत आहात हे कळले, तर बोलण्याचा सूर बदलतो. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती २०१३ पासून जातपंचायतींविरुद्ध काम करते आहे. तिच्या कार्यकर्त्यांना आधीच भेटून ठेवा. प्रसंग ओढवल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नसतो.

या सगळ्याहून मला काळजी वाटली ती तुमच्या एका वाक्याची. ‘ती काही बोलत नाही, त्यावरून तिला हे चालत असावे.’ आपल्या घरांत मुलीला न्हाण आल्या दिवसापासून काय शिकवले जाते ते आठवा. खाली बघून चाल, मोठ्याने हसू नकोस, असल्या गोष्टी तोंडाने काढायच्या नसतात. जिला दुकानात पॅड मागताना ते काळ्या पिशवीत गुंडाळून घ्यावे लागते, ती होणाऱ्या नवऱ्याला फोनवर ‘मला तुमच्या पंचांसमोर उभे राहायचे नाही’ असे म्हणेल, अशी अपेक्षा कशी करायची? आणि म्हटले तर त्याचा अर्थ काय काढला जाईल, हेही तिला ठाऊक आहे. ‘हिला भीती कशाची, काहीतरी असणार.’ चाचणीला नकार देणारी मुलगी त्या नकारानेच दोषी ठरते, म्हणून तिला नकार देताच येत नाही. लाज म्हणून जे तुम्हाला दिसते आहे, ते भय असू शकते. निदान ती संमती आहे असे धरून चालू नका.

म्हणून पहिली गोष्ट ही, की तिच्याशी बोला. फोनवर नको, कारण तिकडे शेजारी कोण बसले आहे ते तुम्हाला कळत नाही. तिची बहीण किंवा मैत्रीण सोबत असली तरी चालेल, पण समोरासमोर भेटा. ‘तुझे मत काय’ असे विचारून सुरुवात करू नका. तसे विचारले की ती तुम्हाला बरे वाटेल ते उत्तर देईल. आधी तुमचे सांगा : मी ही चाचणी करणार नाही, पंचांसमोर तुझ्याविषयी एक अक्षरही बोलणार नाही, मग परिणाम काहीही होवोत. त्यानंतर ते परिणाम तिच्या माहेरच्यांवरही येणार आहेत हे स्पष्ट सांगा आणि तिला विचार करायला वेळ द्या. तिच्या वतीने परस्पर शूर होण्याचा हक्कही तुम्हाला नाही. कदाचित ती म्हणेल की तिच्या वडिलांना हे झेपणार नाही. मग दोघांनी मिळून मार्ग शोधायचा आहे.

तुमच्या मनातल्या दुसऱ्या विचाराकडे येते. तो विचार आला म्हणून तुम्ही वाईट ठरत नाही. लहानपणापासून जे ऐकले, तेच मनात उतरते, आणि पुरुषाने स्त्रीच्या आयुष्यातला पहिला असणे यात त्याची शान आहे हे तुम्ही हजार तोंडांनी ऐकले असणार. पण तो विचार पाळत बसलात, तर पंचांनी घेतली नसली तरी तुमची स्वतःची चाचणी तिच्यावर रोज चालू राहील. ती कोणाशी हसली, जुन्या वर्गमित्राचा फोन का आला, पहिल्या रात्री तिला दुखले की नाही, यातून तुम्ही पुरावे गोळा करत बसाल. असे संसार माझ्यासमोर समुपदेशनासाठी येतात, आणि त्यात मला एकदाही असे दिसले नाही की नवऱ्याला हवे ते उत्तर मिळाल्यावर त्याचे समाधान झाले. उत्तर काहीही आले तरी संशयाला पुढचा प्रश्न सुचतो.

स्वतःला एवढे विचारा, की तुमच्या कॉलेजातल्या मैत्रिणीविषयी तिने विचारावे आणि तुमच्या उत्तरावर हे लग्न टिकावे किंवा मोडावे, हे तुम्हाला मान्य आहे का. मान्य नसेल, तर तिलाही तो प्रश्न नको. तुम्हाला स्वतःविषयी सांगावेसे वाटत असेल तर जरूर सांगा, मात्र त्याच्या मोबदल्यात तिच्याकडून कबुली मिळावी म्हणून सांगू नका. लग्नाआधी दोघांनी एकमेकांना विचारायलाच हव्यात अशा गोष्टी वेगळ्या आहेत. हे लग्न तुला मनापासून करायचे आहे का? मन दुसरीकडे गुंतलेले नाही ना? मूल कधी हवे, हवे का? तोपर्यंत कोणते साधन वापरायचे? एचआयव्ही, कावीळ ब आणि गुप्तरोग यांच्या रक्ततपासण्या दोघांनीही कराव्यात. त्या आरोग्यासाठी असतात, आणि दोघांच्या होतात म्हणून त्यात कोणाचा अपमान नाही.

लग्नानंतरच्या जवळिकीविषयी तुम्ही काही विचारलेले नाही, तरी थोडे सांगते, कारण ज्या रात्रीची एवढी धास्ती घातली गेली आहे ती मनातून लवकर जात नाही. पहिल्याच रात्री काही व्हायला हवे असा कोठेही नियम नाही. आठवडे लागले तरी बिघडत नाही. तिला नको असेल तेव्हा थांबायचे, दुखत असेल तर थांबायचे, आणि तिला काय आवडते हे विचारायचे. तिलाही इच्छा असते, आणि ती बोलून दाखवणारी बायको ‘तसली’ असते ही समजूत घराबाहेर ठेवून यायचे. प्रौढ पत्नीवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती आपल्या कायद्यात आजही बलात्कार मानली जात नाही, त्यामुळे या खोलीत तिची सुरक्षितता बव्हंशी तुमच्या वागण्यावर अवलंबून आहे, याची जाणीव तुम्हाला असायला हवी.

वडिलांशी बोलण्याआधी आईशी बोला. त्यांनीही हे सोसलेले असणार, आणि त्याबद्दल त्यांना घरात आजवर कोणी विचारले नसण्याचीच शक्यता अधिक. त्या तुमच्या बाजूने उभ्या राहतील अशी हमी मी देत नाही. कधी कधी ज्यांनी भोगले तेच सर्वांत कठोर असतात. पण वडिलांना ‘बहिणीचे काय’ हा प्रश्न पडेल तेव्हा त्याचे उत्तर आईकडूनही यायला हवे. बहिणीचे लग्न अडेल म्हणून तुम्ही आज मान तुकवलीत, तर उद्या तिच्याही बांगड्या काढून घेतल्या जातील, आणि तेव्हा विरोध करण्याची जागा तुम्हाला उरणार नाही. तिच्याशीही या विषयावर स्पष्ट बोला. ज्या गोष्टीसाठी तिचे नाव पुढे केले जात आहे, तिच्यावर तिचे मत कोणी विचारलेले दिसत नाही.

राहिला व्यवहाराचा भाग. विशेष विवाह कायद्यानुसार लग्न करायचे ठरले, तर दोघांपैकी एकजण निदान तीस दिवस राहत आहे त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते, त्यानंतर तीस दिवसांची मुदत जाते, आणि लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार लागतात. नोटीस कार्यालयात लावली जाते, तेव्हा घरच्यांना ती दुसऱ्याकडून कळण्याआधी तुमच्या तोंडून कळू द्या. मंडपातच लग्न करायचे असेल तर तेही करा, फक्त विधी संपल्यावर कोणत्याही लॉजवर किंवा नातेवाइकांच्या खोलीवर न जाता दोघांनी कोठे जायचे हे आधी ठरलेले असू द्या, आणि विश्वासातली दोन माणसे सोबत ठेवा. तिच्याशी बोलणे मात्र याच महिन्यात व्हायला हवे. बोलल्यावर तिने वेळ मागितला, तर वैशाखाची तारीख पुढे ढकला, कार्यालयाची आगाऊ रक्कम बुडाली तरी चालेल. आणि तिला मला काही विचारायचे असेल, तर तिने स्वतंत्र पत्र लिहावे. ते तुम्हाला दाखवले जाणार नाही, एवढे तिला सांगा.